नेमाण्णांची दुपारची रात्र

आमचे सांगलीचे घरमालक नेमाण्णा भर दुपारी बारा वाजता रात्र करत. वखारीची दोन्ही दारं लावायची, खिडक्यांत गोणपाट कोंबायचं, कौलांतून एखादा कवडसा येत असला तर शिडी लावून तिथं चिंधी ठोसायची, आणि मग काळ्याकुट्ट अंधारात हळदीच्या पोत्यांमध्ये उभं राहून मला विचारायचं, "मास्तर, झाली का रात?"

"झाली."

"तुमचा हात तुमाला दिसतोय?"

"नाही."

"आन् माझा?"

आता ज्याला स्वतःचा हात दिसत नाही, त्याला दुसऱ्याचा कुठून दिसणार? पण हे नेमाण्णांना सांगण्यात अर्थ नव्हता. त्यांचं समाधान होईपर्यंत मी त्यांच्या न दिसणाऱ्या हाताकडे टक लावून बघत उभा राहायचो. मी हायस्कुलात इंग्रजी शिकवत होतो, चांगला बी. ए. झालेला माणूस; आणि रविवारची झोप सोडून हे धंदे करत होतो.

पण कुणाला बोल लावणार? पाप माझंच. मी मूळचा साताऱ्याचा. लढाई संपली तेव्हा तिकडचा माझा मावसभाऊ, पलटणीतला हवालदार, घरी जाताना दोन दिवस आमच्याकडे उतरला. त्याच्या ट्रंकेत एक वापरून जुना झालेला फ्लॅश होता. फ्लॅश म्हणजे बॅटरीचा एक दांडा, त्यावर वाटीसारखी चकचकीत पत्र्याची तबकडी, आणि तबकडीत बसवायचा काचेचा बल्ब. बटण दाबलं की भक्कन उजेड पडणार आणि अंधारातल्या माणसाचा फोटो निघणार. नेमाण्णांनी ते बघितलं मात्र, त्यांचं जेवणावरचं लक्षच उडालं. दुसऱ्या दिवशी हवालदार सेलम जातीच्या हळदीचं पोतं घेऊन साताऱ्याला गेला आणि फ्लॅश, सहा बल्ब आणि एक इंग्रजी चिटोरं आमच्या वाड्यात राहिलं. चिटोरं वाचायला अर्थात मी.

नेमाण्णा जैन. हळदीचे व्यापारी. दिवस मावळल्यावर पाण्याचा घोटसुद्धा घ्यायचे नाहीत. मी म्हटलं, "अहो आण्णा, फ्लॅश रात्री वापरायचा असतो. संध्याकाळी काढा की फोटो. ही वखार कशाला कोंडायची?"

"आवं मास्तर, रातीला उजेड दिसला की किडं धावत्यात."

"पण हा बल्ब बंद काचेचा आहे. त्यात किडा जळत नाही."

"जळत न्हाई, कबूल. पर बिचारं उजेड बघून लांबनं उडत येणार, आन् हितं येऊन बघतंय तर उजेड गेलेला! बोलवून घ्यायचं आन् दार लावायचं? ही फसवणूक झाली की वो."

किड्यांचा अपमान होऊ नये म्हणून माणसांनी दुपारी बाराला घामाघूम होऊन कोंडून घ्यायचं! मी कपाळाला हात लावला. अंधारात तो त्यांना दिसला नाही.

पण ह्या सगळ्या खुळाच्या मागे एक कारण होतं आणि ते त्यांनी पहिल्याच दिवशी मला सांगितलं होतं. कारण होतं आक्का, त्यांची थोरली बहीण. आई गेली तेव्हा नेमाण्णा दोन वर्षांचे होते. आक्का बाराव्या वर्षी विधवा होऊन परत आल्या आणि त्यांनी ह्या पोराला लहानाचा मोठा केला. त्या आक्कांनी आता माघात दीक्षा घ्यायचं ठरवलं होतं. दीक्षा म्हणजे घर सुटलं, केस उपटून काढायचे, पांढऱ्या साडीवर अनवाणी गावोगाव फिरायचं. पुन्हा भाऊ नाही, गोत नाही. आणि आक्कांचा जन्मात एकही फोटो निघालेला नव्हता.

"दीक्षा झाल्यावर त्या सगळ्या जगाच्या माताजी हुतील," नेमाण्णा म्हणाले. "पाया पडायला मीबी जाईन. पर माझी आक्का मला कुठं घावणार?"

स्टुडिओत जायला आक्का तयार नव्हत्या. फोटोवाल्याला घरी आणायचं तर परक्यासमोर बसायला तयार नव्हत्या. अंगणात उन्हात बसा म्हटलं तर, "रस्त्यावरची माणसं बघत उभी ऱ्हातील, तमाशा हाय व्हय?" म्हणाल्या. शेवटी एवढं कबूल केलं, की माजघरात जात्यापाशी, जिथं जन्म गेला तिथं, नेमूनं स्वतः काढला तर बसेन. आणि त्या माजघरात दिवसासुद्धा मीठ कुठलं आणि साखर कुठली ते चाखून ठरवावं लागे. म्हणून फ्लॅश. म्हणून माघाच्या आत तो शिकायचा. आणि बल्ब सहा.

पहिला बल्ब शिकण्याआधीच गेला. तबकडीत तो नीट बसलाय का हे नेमाण्णांनी नाक लावून बघितलं आणि बघता बघता बटण दाबलं. असा उजेड पडला म्हणता! मीही शेजारी वाकलो होतो. दहा मिनिटं आम्ही दोघं पोत्यांना धरून उभे होतो.

"मास्तर, हायसा न्हवं?"

"आहे. तुम्ही?"

"मी बी हाय. पर सगळीकडं जांभळं चांदणं पडलंय."

दिसायला लागल्यावर त्यांनी बल्ब काढला. काच आतून पांढुरकी, फोड आल्यासारखी. पुन्हा पुन्हा बटण दाबलं. मी चिटोरं वाचून सांगितलं, "आण्णा, हा एकदाच पेटतो. मग टाकून द्यायचा."

"एकदाच?" त्यांनी तो बल्ब तळहातावर घेतला. "मंजी ह्याला पुनर्जल्म न्हाई. आमी जल्मावर जल्म घेतोय, आन् ह्यो एका फटक्यात मोक्षाला गेला!" त्यांनी तो टाकला नाही. देव्हाऱ्याच्या फळीवर, पण देवांपासून जरा लांब, नेऊन ठेवला.

दुसरा बल्ब माझ्यावर खर्च झाला. कॅमेरा मागून आणलेला, भात्याचा, जुना. त्याची आणि फ्लॅशची ओळखदेख नव्हती. त्यामुळे रीत अशी: अंधार करायचा, कॅमेऱ्याची झडप उघडून ठेवायची, फ्लॅश उडवायचा, झडप मिटायची. चिटोऱ्यात अंतर फुटांत दिलं होतं. मी पट्टी आणली तर नेमाण्णांनी ती बाजूला सारली. "आमी कापड हातानं मोजतोय, दोर हातानं मोजतोय. माणूसबी हातानंच मोजणार." माझ्या नाकापासून कॅमेऱ्यापर्यंत त्यांनी कोपराकोपरानं चार हात मोजले, झडप उघडली आणि मनातल्या मनात जैनांचा णमोकार मंत्र सुरू केला. तो पुरा झाल्याशिवाय बटण दाबायचं नाही हा त्यांचा नियम. तोवर वखारीतली हळद माझ्या नाकात शिरली. णमोकार संपला आणि मला शिंक आली, एकाच क्षणी. फोटोत एक उघडं तोंड आणि दोन मिटलेले डोळे आले. आमच्या सौ. तो फोटो बघून म्हणाल्या, "छान आलाय. घरात असेच असता." मी तो फाडून टाकला.

"माणूस लय हलतंय," असा निष्कर्ष काढून नेमाण्णांनी तिसरा फोटो म्हशीचा काढायचं ठरवलं. म्हैस हलत नाही, शिंकत नाही, डोळा मिटत नाही. मी म्हटलं, "आण्णा, तुमची चंद्री दांडगी आहे."

"मास्तर, तुमी साताऱ्याचं. तुमाला सांगलीची म्हस काय ठावं?"

ठीक आहे. मी शिडीवर चढून बसलो. चंद्री वखारीत आली, रवंथ करत उभी राहिली. झडप उघडली, णमोकार झाला, भक्क! पुढचं मला फक्त ऐकू आलं. आधी पोती पडली, मग फुटली, मग दार गेलं. बाहेर ऊन पडलं होतं आणि त्या उन्हात, शिंगांवर गोणपाट घेऊन, शेंडीपासून शेपटीपर्यंत पिवळी झालेली म्हैस पेठेतून धावत चालली होती. मागे पिवळे नेमाण्णा. दुकानदार फळ्यांवर उभे राहून ओरडत होते, "आण्णा, हळद लावलीसा, लगीन कवा हाय?" चंद्री गणपतीच्या देवळापाशी सापडली. दोन दिवस तिनं दूध दिलं नाही. नेमाण्णांनी तिच्यासमोर हात जोडून माफी मागितली, हे मी माझ्या डोळ्यांनी बघितलंय.

चौथ्या वेळी सगळं जमलं, फक्त झडप उघडायची राहिली. ते काम एव्हाना माझ्याकडं होतं. ह्याबद्दल मी जास्त बोलत नाही. त्या दिवशी नेमाण्णांनी मला वरणात तूप कमी वाढलं.

पाचवा बल्ब आणि एक हळदीचं पोतं, अशी गाठ पडली. पोतं हललं नाही. फोटो धुऊन आला आणि काय सांगू, सुतळीचा टाका न् टाका दिसत होता! नेमाण्णा तो खिशात घालून अख्ख्या सांगलीभर हिंडले. "बघा, पोतं काय देखणं आलंय!" लोक बघायचे आणि पोत्याचा भाव विचारायचे. पण मला खरंच बरं वाटलं. माणूस शिकला होता. दीक्षेला आठ दिवस होते आणि बल्ब एक होता.

त्या दिवशी दुपारी आम्ही माजघराची रात्र केली. आक्का जात्याशेजारी पाटावर बसल्या. केस अजून होते, पांढरे, घट्ट बांधलेले. मला त्यांनी कधी परका मानलं नाही, झडप उघडायचं काम माझ्याकडं आहे कळल्यावर म्हणाल्या, "ह्या खेपेला इसरू नका, मास्तर." मग नेमाण्णांना, "नेमू, ह्यात कुणी मरत न्हाई न्हवं?"

"न्हाई आक्का."

"मग लाव."

अंतर चार हात, पुन्हा पुन्हा मोजलेलं; नेमाण्णा फ्लॅश धरून कॅमेऱ्याला खेटून बसले. शेवटची फट बुजली. मी झडप उघडली आणि तसं सांगितलं. णमोकाराला किती वेळ लागतो ते मला एव्हाना पाठ झालं होतं. तो संपला असणार. बटण काही दाबलं गेलं नाही.

"आण्णा?" मी हळूच म्हटलं.

"थांबा की मास्तर."

आणखी एक णमोकार होईल इतका वेळ गेला. मग आणखी.

"आण्णा, झडप उघडी आहे."

"असू द्या. अंधारात काय बिघडतंय?" त्यांचा आवाज बारीक झाला होता. "फोटू निघाला की झालंच की सगळं. बसूया की जरा."

अंधारात तिघंही बसलो होतो. बाहेर कुठंतरी गाडीच्या बैलांच्या घुंगरांचा आवाज येत होता. मग नाक ओढल्याचा आवाज आला.

"नेमू, रडालायस व्हय रं?"

"न्हाई आक्का. सर्दी झालीया."

"सकाळी न्हवती." मग लुगडं सळसळल्याचा आवाज झाला. "अरं खुळ्या, एवढा घोडा झालास…"

तो आवाज एकदम जवळून आला असावा. नेमाण्णा दचकले आणि त्यांचं बोट दाबलं गेलं. भक्क! मी झडप मिटली. बल्ब संपले.

दीक्षा झाली. आम्ही सगळे गेलो होतो. केस उपटताना नेमाण्णा शेवटपर्यंत हात जोडून उभे राहिले, सगळ्यांबरोबर "माताजी" म्हणून पाया पडले, आणि परत आल्यावर दोन दिवस वखारीत गेले नाहीत. तिसऱ्या दिवशी फोटो धुऊन आला. मी आधी बघितला. पाट स्पष्ट होता, जातं स्पष्ट होतं, आणि पाटावर कुणी नव्हतं. अर्धवट उठलेल्या, वाकून पुढं आलेल्या आक्का फोटोभर पसरल्या होत्या, धुरकट. चेहरा ओळखू येत होता इतकंच. एक हात लांब केलेला, बोटं एवढी मोठी आणि पुसट.

नेमाण्णांनी तो दारात उजेडाला धरला आणि खूप वेळ बघत राहिले. मला राहवेना. मी म्हटलं, "आण्णा, माफ करा. आक्का हलल्या. सगळं बिघडलं."

"बिघडलं कुठं, मास्तर?" त्यांनी फोटो माझ्यापुढं धरला. "नीट बघा की. माझ्याकडं यायलीया."