दादाचं डावं पाऊल

पाखरबेटांवर उमटलेलं पाऊल पुसलं जात नाही. बेटं संरक्षित आहेत, त्यामुळे भरतीलाही तिथे काही पुसायची परवानगी नाही.

रूपेश खोबरेकरला हे होडीवाल्या जगनकाकांकडून कळलं आणि दुसऱ्याच सकाळी तो पर्यटकांच्या होडीत जाऊन बसला. त्याचा थोरला भाऊ संदेश उन्हाळाभर याच होडीवर खलाशी होता. पुढे ट्रॉलरवर गेला, तिथून समुद्रात पडला, आणि सापडलाच नाही. घरात रडायलासुद्धा समोर काही नव्हतं.

होडी टेकायच्या आत रूपेशने पाण्यात उडी टाकली. तिसऱ्या बेटावर, केवड्याखाली, एक डावं पाऊल होतं. करंगळी नसलेलं. संदेशची करंगळी होडीच्या नांगराच्या दोरात अडकून गेली होती. रूपेश खाली बसला, मोठ्याने रडला, मग त्याने ते पाऊल दोन्ही हातांनी उचललं.

"ठेव ते खाली," गार्ड डिसोझाबाई म्हणाल्या. "इथून शिंपलासुद्धा नेता येत नाही."

"शिंपले तुमचे. ह्यां माझ्या दादाचां."

"बेटावर आहे ते बेटाचं."

"बाई, जगनकाका सगळ्यांका सांगतत, भायरसून हाडलेलां काय हय टाकूचां नाय. ह्यां पाऊल दादानच भायरसून हाडलां. मगे ह्यो कचरो नाय काय?"

डिसोझाबाई विचारात पडल्या. बाहेरून आणलेलं इथे टाकायचं नाही, हा मुद्दा नियमात बसत होता. "कचरा असेल तर न्यावाच लागेल," त्या म्हणाल्या.

"माझो दादा कचरो नाय!" रूपेश भडकला.

"मग ठेव."

"कचरो, कचरो," तो घाईघाईने म्हणाला.

बाईंनी पाऊल उलटं केलं, तळाला चिकटलेली बेटाची वाळू झटकून घेतली आणि ते त्याच्या हातात दिलं. पर्यटकांनी टाळ्या वाजवल्या.

"मांडयेर घे त्येका," परतताना जगनकाका म्हणाले.

"नको. तो कायम उभो रवता."

रूपेशने पाऊल होडीच्या पुढच्या टोकाला, नाळेवर ठेवलं. खाडीच्या तोंडाशी आडवी लाट आली. माणसं एकमेकांवर कोसळली. पावलाचा अंगठा फळीत रुतला आणि पाऊल जागचं हललं नाही. रूपेश त्याच्या शेजारी उभा राहून किनाऱ्याकडे ओरडला, "आये! दादाक हाडलंय!"

आई गुडघाभर पाण्यात आली. तिने पाऊल हातात घेतलं, पदराने त्यावरचं मीठ टिपलं.

"उजवां खंय आसा?"

"फुडच्या बेटार."

"मगे उद्या जा," ती म्हणाली, आणि संदेशला घेऊन घरी गेली.