नंदीशची नजर

शिवानंदची गाडी उभ्या उभ्या थरथरायची आणि मागून काळा धूर सोडायची. घरी हे चालून गेलं असतं. पण रविवारी अक्कलकोटला, मेहुण्याच्या साखरपुड्यात, तो धूर पाहुण्यांच्या पांढऱ्या धोतरांवर जाऊन बसला. सासुरवाडीसमोर नाक कापलं गेलं की कुणावर तरी आळ घ्यावाच लागतो. शिवानंदने तो तिथंच, भर मांडवात, नंदीशवर घेतला.

नंदीश म्हणजे शिवानंदचा शाळेपासूनचा मित्र, होटगी रोडचा गॅरेजवाला. या जुन्या गाडीला सुपरचार्जर, म्हणजे इंजिनात जादा हवा कोंबणारं यंत्र, त्यानंच उन्हाळ्यात हौसेनं बसवून दिलं होतं. स्वतः जुनाट स्कूटरवर फिरायचा. दारात आला की शिवानंदच्या गाडीभोवती एक फेरी मारायचा आणि म्हणायचा, "असली गाडी सोलापुरात दुसरी न्हाय."

मांडवातलं बोलणं त्याच्या कानावर गेलं होतं. तरी तो सोमवारी हत्यारं घेऊन आला. अशा माणसांचं या जगात कधी भलं होत नाही.

"प्लग काळे झाल्यात बघ," बॉनेटखाली वाकून नंदीश म्हणाला. "पेट्रोल लई जायलंय आत."

"मग कमी कर की."

"पेट्रोल मी सोडत न्हाय, गाडीतला कंप्युटर सोडतोय. त्याला वाटायलंय गाडी घाट चढायलीय."

"दारात उभी हाय की."

"ते मला दिसतंय. त्याला दिसंना."

नंदीशने प्लग बदलले. फिल्टर झटकला. पेट्रोलचे इंजेक्टर काढून धुतले. गाडी पुन्हा सुरू केली तर आरसे थरथरले आणि धुरानं शेजारची तुळस काळवंडली.

"तू हात लावायच्या आधी बरी होती," शिवानंद म्हणाला.

"दसऱ्यापतूर झ्याक पळाली की. पूजेनंतरच बिघडली. काय केलंतासा तवा?"

"काय करणार? हार घातला, नारळ फोडला." शिवानंदने नजर दुसरीकडे वळवली. मग जे बोलू नये ते बोलला. "खरं सांग नंदीश, मुद्दाम तर काय करून ठेवलं न्हाईस न्हवं?"

नंदीश पुन्हा खाली वाकून फडक्यानं इंजिन पुसत राहिला. पुसता पुसता फडकं कशात तरी अडकलं. मागच्या बाजूला एक बारीक रबरी नळी होती आणि तिच्यावर काळा दोरा करकचून बांधलेला होता. नळी तिथं पार चपटी झाली होती.

"इंजिनात दाब किती हाय, ते ह्या नळीतनं कंप्युटरला कळतं," तो म्हणाला. "तिचा गळाच आवळलाय कुणी तरी."

त्यानं दोरा कापला, चपटी नळी बोटानं दाबून मोकळी केली आणि गाडी सुरू केली. थरथर नाही, धूर नाही.

"नजरंचा दोरा हाय," नंदीश म्हणाला. "पर लोक बंपरला बांधत्यात. हितं कोण बांधलं?"

"आईनं बांधला असंल."

तेवढ्यात शिवानंदची बायको दानेश्वरी चहा घेऊन आली. भावाच्या साखरपुड्याचा झालेला तमाशा ती विसरली नव्हती.

"आत्याबाईंनी न्हाय, तुमीच बांधला की," ती नवऱ्याला म्हणाली. "नंदीशभावजी येतील तवा सारखं गाडीला चांगलं म्हणत्यात, त्यांची नजर लागंल म्हणून. भाईर बांधला तर त्यांना दिसंल म्हणालासा, म्हणून आत."

हे ती भोळेपणानं बोलली की मुद्दाम, ते शिवानंदला पुढंही कधी कळलं नाही. नंदीशपासून लपवायचा दोरा त्यानं अशा जागी बांधला होता, जिथं नंदीशशिवाय कुणी बघतच नव्हतं.

नंदीशने चहा सावकाश, पूर्ण प्यायला. कप खाली ठेवला. दोरा शिवानंदच्या हातावर ठेवला.

"आता बंपरला बांध," तो म्हणाला. "मला दिसायचा प्रश्न न्हाय. मी काय आता येत न्हाय."

इंजिन इतकं शांत चाललं होतं की नंदीशची स्कूटर कोपऱ्यावर वळेपर्यंत ऐकू आली.

"झाली की नीट गाडी," दानेश्वरी म्हणाली.

"व्हय," शिवानंद म्हणाला. त्याला रडू येत होतं. दोरा अजून हातातच होता. तो टाकून द्यायचा धीर होईना. शेजारचा माणूस गॅलरीतून गाडीकडे बघत होता. शिवानंद खाली बसला आणि त्यानं तो बंपरला बांधला.