जपानबाबची चवथ

आमचे शेजारी दत्तारामबाब सकाळची पेज पितात तेव्हा पंखा लावतात. पंखा छताला नसतो, चमच्याला असतो. आमच्याकडे चमच्याला कुलेर म्हणतात. त्या कुलेरीच्या दांड्यावर खेळण्यातली एक मोटर, मोटरला प्लास्टिकची पाती आणि दांड्याखाली सेल. पेज उचलायची, बटण दाबायचं, पेज गार होते आणि मग तोंडात जाते. निदान जायला हवी. पहिल्या दिवशी ती भिंतीवर गेली. "स्पीड मातशी चड जाली," दत्तारामबाब म्हणाले. दुसऱ्या दिवशी मी पाहायला गेले तर जास्त झालेला वेग तोच होता. त्यांनी भिंतीला प्लास्टिक लावलं होतं.

साखळी गावात आमच्या वाड्यावर त्यांना दत्ताराम म्हणणारं आता कोणी उरलेलं नाही. सगळे त्यांना जपानबाब म्हणतात. डिचोलीच्या खाणींतली लोखंडाची लाल माती बोटीत भरभरून वर्षानुवर्षं जपानला गेली. तिच्या बदल्यात देशाला काय मिळालं ते जाणकारांना विचारा, आमच्या वाड्याला मात्र एक जपानबाब मिळाले. ते खाणीवरच्या वर्कशॉपात फिटर होते. कंपनीने एक जपानी यंत्र घेतलं आणि ते शिकायला ह्यांना जपानला पाठवलं. त्या यंत्राविषयी त्यांना आज काही आठवत नाही. आठवतं ते एका रविवारी पाहिलेलं प्रदर्शन. तिथे नूडल्स गार करणाऱ्या पंख्याच्या काड्या होत्या, सर्दी झालेल्या माणसाने डोक्यावर बांधायचं कागदाचं रीळ होतं, डोळ्यात औषधाचा थेंब नेमका पडावा म्हणून चष्म्याला लावलेलं नसराळं होतं. मांजराच्या पायात घालायचे पोचे होते, म्हणजे मांजर हिंडता हिंडता लादी पुसून निघेल. दत्तारामबाब ते सगळं पाहून आले ते कायमचे बदलून आले.

"टीचर, वस्त चलपाक जाय, पूण ती कोणाक लागची न्हय. हो जपानी कायदो," ते मला समजावतात. म्हणजे वस्तू चालली पाहिजे, पण कोणाला लागता कामा नये. मी हायस्कुलात विज्ञान शिकवते, त्यामुळे मला हे कळायलाच हवं असा त्यांचा समज आहे. मला ते अजून कळलेलं नाही.

मांजराचे पोचे त्यांनी इथे आल्या आल्या केले. चार पायांना चार, नाडी बांधून. मांजर तीन पायऱ्या उतरून अंगणातल्या चिखलात गेलं, तिथून माझ्या स्वयंपाकघरात आलं आणि माझी सगळी लादी लाल करून खिडकीतून निघून गेलं. मी तक्रार करायला गेले तर जपानबाबांचा चेहरा खुलला. "म्हणजे पुसता! फकत आदीं पोचो धुवपाक जाय." मग सकाळी पाव आणणाऱ्या पदेरासाठी खिडकीतून सोडायची टोपली झाली. पदेराने भोंपू वाजवला की अंथरुणातूनच दोरी ओढायची, पावाचे उंडे वर येतात. उंडे वर आले, पण त्यांच्या मागून वाड्यावरचा कुत्रा खिडकीपर्यंत उड्या मारायला लागला. तेव्हापासून तो कुत्रा भोंपू ऐकला की त्यांच्या खिडकीखाली जाऊन बसतो, आणि जपानबाब म्हणतात की राखणीला फुकटात कुत्रा मिळाला.

या सगळ्या वस्तूंची पहिली चाचणी सुमनवहिनींवर व्हायची. त्यांची बायको. वहिनी हातातलं काम ठेवून यायच्या, ते जे काही असेल ते डोक्यावर, पायात किंवा नाकावर घालून घ्यायच्या, आरशात बघून पोट धरून हसायच्या आणि निकाल द्यायच्या, "चलता. आतां माका काम करूंक दी." एवढ्यावर गडी आठवडाभर खूश असायचा. एकदा मी वहिनींना विचारलं, तुम्हाला कंटाळा नाही येत? त्या म्हणाल्या, "टीचर, दुसऱ्यांचे घोव दारू पितात. म्हजो मांजराक ज्योते घालता." ज्योते म्हणजे जोडे.

गेल्या वर्षी पावसाळ्याच्या तोंडावर वहिनी गेल्या. फार आजारी नव्हत्या, आठ दिवसांत सगळं आटोपलं. मुलगा परदेशात आहे, तो येऊन दिवस करून परत गेला. त्यानंतर जपानबाबांनी वर्षभर एकही वस्तू केली नाही. पेजसुद्धा बिनपंख्याची प्यायचे. पलीकडून खुडखुड, ठोकठोक ऐकू येईना तसं मला माझ्याच घरात चुकल्यासारखं व्हायला लागलं. त्या वर्षी त्यांच्याकडे गणपतीही आला नाही.

यंदा चवथ म्हणजे गणेशचतुर्थी जवळ आली तसे त्यांचे थोरले भाऊ विश्वनाथबाब धारगळहून आले. त्यांची तिथे शेती आहे आणि हायवेवर भुसारी दुकान आहे. माणूस उंच, करडा आणि थोडक्यात बोलणारा. मी चहा घेऊन गेले होते, तर बोलणं पाटावर आलेलं. आमच्याकडे चवथीच्या बऱ्याच आधी घरचा पाट चित्रशाळेत नेऊन द्यावा लागतो, मूर्ती त्या पाटावरच घडते. पाट गेला म्हणजे गणपती येणार हे नक्की. विश्वनाथबाबांचं म्हणणं, पाट देऊ नकोस.

"एकट्यान चवथ जायना, दत्तू. माटोळी कोण बांधतलो? नेवऱ्यो कोण करतलो? आरतेक कोण? धारगळा ये. आमच्याच गणपतीक हात जोड."

"जाता एकट्यान," जपानबाब म्हणाले.

"कशी?"

"बघ तूं. माका कोण नाका."

शेवटी ठरलं ते असं. विश्वनाथबाबांचा गणपती दीड दिवसाचा, इथला पाच दिवसांचा. आपला विसर्जनाला पोचवून ते तिसऱ्या दिवशी संध्याकाळी साखळीला येतील आणि स्वतःच्या डोळ्यांनी बघतील. चवथ रीतसर झालेली दिसली तर प्रश्न मिटला. नाही तर पुढच्या वर्षीपासून पाट धारगळला, आणि ह्या घरातला गणपती बंद. जपानबाब मान डोलवत हो म्हणाले. दुसऱ्या दिवशी पाट डोक्यावर घेऊन ते चित्रशाळेत गेले आणि त्या संध्याकाळी पलीकडून पुन्हा ठोकठोक ऐकू आलं. मी यजमानांना म्हटलं, सुरू झालं बाई एकदाचं. मला इतका आनंद होईल असं वाटलं नव्हतं.

माटोळी म्हणजे गणपतीच्या डोक्यावर टांगायची लाकडी चौकट. तिला सुपारीचे घड, नारळ, आंबाडे, तवशी म्हणजे काकड्या, चिबूड, रानातली फळं असं सगळं बांधतात. ती बांधायला एकाने स्टुलावर चढायचं आणि दुसऱ्याने खालून हातात द्यायचं, अशी दोन माणसांची रीत आहे. स्टुलावर ते आणि खाली वहिनी, अशी इतकी वर्षं. जपानबाबांनी कप्पी लावून चौकटच खाली उतरवली, जमिनीवर बसून बांधली आणि मोटरने वर नेली. काम देखणं झालं. फक्त चवथीच्या सकाळी भटजी पूजा सांगत असताना माटोळी हळूहळू खाली यायला लागली. भटजींनी मंत्र थांबवले नाहीत, फक्त प्रत्येक मंत्राला थोडे थोडे वाकत गेले. शेवटी एक काकडी त्यांच्या डोक्याला टेकली तेव्हा कुठे ते थांबले.

नेवऱ्या म्हणजे करंज्या. त्यांची कड दुमडायला त्यांनी दाराची मोठी बिजागरी घेतली. पारी ठेवायची, सारण भरायचं, बिजागरी मिटायची. नेवरी झकास बंद व्हायची, फक्त तिच्या कडेला स्क्रूची भोकं उमटायची. मी एक खाल्ली. चवीला उत्तम होती, पण दार खाल्ल्यासारखं वाटत राहिलं.

राहता राहिली आरती. आमच्याकडच्या चवथीच्या आरतीला टाळ्या वाजवून भागत नाही. मातीचं घुमट लागतं, एका तोंडाला चामडं लावलेलं. शमेळ म्हणजे छोटा ढोल लागतो, कासाळं म्हणजे मोठी झांज लागते, आणि गळे लागतात. वाड्यावरची मंडळी रोज संध्याकाळी घरोघर जाऊन आरत्या म्हणतात. जपानबाबांनी वाड्यावर सगळ्यांना सांगून ठेवलं होतं, माझ्याकडे यायची तसदी घेऊ नका, माझी सोय झालीय. लोकांनी ते मनावर घेतलं. म्हणजे आरतीला यायचं नाही असं ठरवलं, आणि मशीन बघायला यायचं असं ठरवलं.

ते यंत्र मी आधी पाहिलं होतं. वहिनींच्या शिलाईयंत्राची मोटर, तिच्यावर शिलाईयंत्राचाच रबरी पट्टा, पट्ट्याने फिरणारं चाक आणि त्या चाकाने, चौकटीत बसवलेल्या घुमटावर वरखाली होणारे दोन लाकडी पंजे. पंज्यांना त्यांनी भांडी घासायचे गुलाबी हातमोजे घातले होते, नाही तर चामडं फाटलं असतं. शेजारी तारेवर कासाळ्याची जोडी. वहिनींचं यंत्र मोडून का केलंत, असं मी विचारलं. "मोडूंक ना. पट्टो घातलो की परत कापड शिंवता," ते म्हणाले आणि पट्टा हाताने उगाच पुसत बसले.

तिसऱ्या दिवशी विश्वनाथबाब आले. चपला काढल्या, गणपतीला हात जोडले आणि तपासणीला लागले. माटोळीखाली उभे राहून वर पाहिलं. ती तेवढा वेळ जागची हलली नाही. नेवरी तोंडात टाकली, भोकांकडे एकदा बघितलं आणि दुसरी उचलली. "बरी आसा," म्हणाले. ह्या माणसाच्या तोंडून हे आलं म्हणजे पेढे वाटायला हरकत नव्हती.

दिवेलागणीला सगळा वाडा त्यांच्या हॉलमध्ये. बायका, माणसं, पोरं, सगळ्यांचे मोबाइल वर. जपानबाबांनी नवं धोतर नेसलं होतं. एका हातात आरतीचं ताट, दुसऱ्या हाताने त्यांनी स्विच दाबला. आणि काय सांगू, गुलाबी पंजे घुमटावर असे पडायला लागले की माझ्या अंगावर काटा आला. ठेका अगदी बरोबर होता. कासाळं वेळेवर वाजत होतं. हॉलमध्ये 'अरे वा' झालं आणि मग सगळे गप्प झाले, कारण आवाज रेकॉर्ड होत होता.

जपानबाबांनी आरती सुरू केली. त्यांचा गळा वाईट नाही, पण घुमटापुढे तो एकटा पडला. दुसरं कडवं आलं. एरवी इथे मागून सगळे धरतात, म्हणून ते सवयीने थांबले. मागून कोणीच धरलं नाही. मशीन तेवढं वाजत राहिलं. त्यांनी पुढची ओळ पुन्हा स्वतःच म्हटली. माझ्या हातात टाळ होते, पण मीही ते वाजवत नव्हते, मशीन बंद पडेल की काय ह्या भीतीने त्याच्याकडेच बघत उभी होते. दाराच्या चौकटीला टेकून उभ्या असलेल्या विश्वनाथबाबांनी मान हलवली आणि मोठ्याने म्हणाले, "जमलां रे तुका, दत्तू. एकट्याक जमलां."

पाट राहिला. पैज जिंकली. मी जपानबाबांकडे पाहिलं, तर त्यांच्या तोंडावर जिंकल्याचं काहीच नव्हतं. त्यांनी हॉलभर नजर फिरवली. सगळे मोबाइल, एकही तोंड उघडं नाही. मग त्यांनी गणपतीकडे पाहिलं. आणि मग, मी त्यांच्या डाव्या बाजूला अगदी लागून उभी होते म्हणून मला दिसलं, त्यांनी धोतराच्या आडून पाय पुढे केला आणि अंगठ्याने चाकावरचा पट्टा पाडला.

पंजे वरच्या वर थांबले.

"पट्टो गेलो?" विश्वनाथबाबांनी विचारलं.

"गेलो," जपानबाब म्हणाले. ज्या माणसाने भिंतीवरची पेजसुद्धा कधी चूक म्हणून मान्य केली नव्हती, तो सगळ्या वाड्यासमोर म्हणाला, "ना जमना, दादा. एकट्याक जमना."

आता विश्वनाथबाब पाट मागणार, असं मला वाटलं. ते तरातरा पुढे आले. गुलाबी पंजे त्यांनी बाजूला सारले, घुमट चौकटीतून सोडवून गळ्यात अडकवलं आणि आमच्यावरच खेकसले, "बघतात किदें सगळीं? आरती अर्धी सोडतात व्हय?" आणि जी थाप दिली! मोबाइल खिशात गेले. कोणी शमेळ ओढलं, मी टाळ धरले, पोरं बेंबीच्या देठापासून ओरडायला लागली. एक आरती झाली, दुसरी झाली, कुणाला थांबायचं नव्हतं. जपानबाब आता मधोमध उभे होते आणि त्यांचा आवाज ऐकूच येत नव्हता. इतके गळे लागले होते. ते रडत होते आणि म्हणत होते, आणि ते कोणाच्या लक्षातही आलं नाही.

प्रसाद वाटून झाल्यावर विश्वनाथबाब घाम पुसत बसले. तळहात लाल झाले होते. "हात बसूंक ना," ते पुटपुटले. "फुडल्या वर्सा हांव दुसऱ्या दिसाच येतां. माझो गणपती पोचयलो की थेट हंय."

"आनी पाट?" जपानबाबांनी विचारलं.

"पाट खंय वता? घुमट हांगा वाजयतलों मरे हांव." पाट इथेच राहिला.

मंडळी पांगल्यावर मी भांडी गोळा करत होते. जपानबाब यंत्रापाशी उकिडवे बसून पट्टा हातात घेऊन बघत होते. पट्टा धडधाकट होता. त्यांना माझी चाहूल लागली.

"टीचर," वर न बघता ते म्हणाले, "पट्टो आपोआप पडलो हां."

"तर काय," मी म्हटलं. "मी शेजारीच उभी होते. आपोआपच पडला."