बसायला न आलेल्या भागरताकाकू

भागरताकाकू दारात आल्या की पहिलं वाक्य ठरलेलं. "मी काई बसाले नाई आली व!" असं म्हणत त्या बसायच्या आणि दोनदा चहा पिऊन उठायच्या. दवनीवाडा गावात आमच्या शेजारच्या घरी त्या एकट्याच राहत. भांडण हा त्यांचा व्यायाम होता. कोंबडी अंगणाबाहेर गेली तरी तिला अडवून, "काऊन गेली होती?" असा जाब विचारायच्या. एकदा पाटलांची म्हैस त्यांच्या वाटेत आडवी बसली. काकूंनी म्हशीला उठवलं नाही. पाटलांना जेवणावरून उठवून आणलं आणि म्हशीसमोर झापलं.

माझी कौसी तेव्हा चार वर्षांची होती. फारसं बोलायची नाही. धानाची मळणी सुरू झाली, अंगणात गलबला वाढला, की कोपऱ्यात बसून मागेपुढे डुलायची. एरवी मध्येच डोळ्यांपुढे बोटं फडफडवायची. त्या वर्षी हे फार वाढलं. सासूबाईंच्या मनाने घेतलं, पोरीला बाहेरचं लागलं. त्यांनी भगताला बोलावलं. तो म्हणाला, मनगटावर डाग द्यावा लागेल.

भर दुपारी चुलीत विळा तापत होता. हे खाली मान घालून उभे. मी घरची सून, घागरीपाशी बसून राहिले. दोन बायकांनी कौसीचे हात घट्ट धरले, तशी ती जास्तच हिसके देऊन किंचाळू लागली.

"पाहा," भगत म्हणाला, "अंगातलं जागं झालं."

"मी काई बसाले नाई आली!" म्हणत काकू आत आल्या आणि चूल अन् कौसी यांच्या मधोमध फतकल मारून बसल्या.

"बाई, उठ."

"तू पाय कायले हलवून राहिला रे?"

भगताचा पाय मघापासून खरंच हलत होता. तो थांबला. "आदत हाये."

"मंग तुलेबी देऊ का डाग?"

एका बाईला हसू फुटलं, तिचा हात सैल झाला. भगत मात्र चिडला. त्याने लाल विळा बाहेर काढला. काकूंनी आपलं मनगट पुढे केलं. "पयले मले दे."

विळा पुढे सरकला. कशी कोण जाणे, मी उठले आणि पाण्याची घागर त्यावर रिकामी केली. चर्र झालं, घरभर वाफ पसरली. भगत शिव्या देत निघून गेला. सासूबाई पुढे बरेच दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत, पण डागाचं नाव पुन्हा काढलं नाही.

भगत गेल्यावर काकू कौसीला शिवल्या नाहीत. शेजारी बसून त्याही डुलू लागल्या. "पहिले एकीले लागलं होतं, आता दोघींले!" सासूबाई कुरकुरल्या. हळूहळू कौसी निवली.

"तुम्हाला हिचं कसं कळतं?" मी विचारलं.

"भेव लागला का डुलते, खुश असली का बोटं नाचवते. तोंडानं येत नाई, मंग हातानं सांगते." पुढचं बोलताना त्यांचा आवाज कधी नव्हे इतका खाली आला. "माहा पोरगा गणपत असाच होता. लोक हासत, म्हणून मी त्याचे हात पदरानं बांधून ठेवो. मंग त्यानं हात हलवनं सोडलं. हासनंबी सोडलं. तसाच तापात गेला."

कौसी आता काकूंच्या तोंडापुढे बोटं फडफडवत होती. काकूंनी आपला जाडजूड हात वर केला, बोटं हलवून पाहिली.

"अशीच का व?" त्यांनी तिला विचारलं.