कुरामोची गुरुजींची पोटपरीक्षा

पोटाला हात लावताच माणूस ओळखतो, असं कुरामोची गुरुजी जपानातल्या मात्सुए शहरभर सांगत फिरायचे. अंगठ्याने दाबून दुखणं घालवायची शिआत्सूची विद्या त्यांना येत होती, यात वाद नाही. पण अंगठ्यापेक्षा जीभच जास्त चालायची. आता त्यांना शिआत्सूच्या शाळेत मुख्य शिक्षकाची जागा हवी होती. त्यांनी कधी न पाहिलेले परीक्षक इनादासान, म्हणजे इनादासाहेब, घरी येणार, म्हणून त्यांनी बायकोला, फुमिएला, गोडधोड आणायला पिटाळलं.

तेवढ्यात दारात आला हिरुकावा, न्हाणीचा बंब दुरुस्त करणारा. दोघं नमस्काराला इतके वाकले आणि इतका वेळ वाकून राहिले, की गुरुजींना त्याच्या मोज्यांपलीकडे काही दिसलंच नाही. "आपलीच वाट पाहत होतो, आडवे व्हा," असं म्हणून त्यांनी डोळे मिटले. पूर्वी अंग रगडायचं काम आंधळे करायचे ना, म्हणून हेही डोळे मिटून दाबायचे. आता यजमानाला नाही कसं म्हणायचं? हिरुकावा हत्यारांची पेटी बाहेर ठेवून निमूट आडवा झाला.

गुरुजींची टकळी सुरू झाली. कुठे दुखलं की आपला हात आपोआप तिथे जातो, तिथूनच ही विद्या जन्मली. जुने लोक नुसतं चोळायचे. आपण सरळ दाबायचं, थांबायचं, हळूच सोडायचं. मग त्यांनी पोटात अंगठा रोवला.

"विद्यार्थ्यांवरचा राग इथे साठलाय."

"हो," हिरुकावा कण्हला.

"भाषणं देऊन घसा बसलाय."

"हो."

"आणि ती जागा मलाच द्यावी, असं पोट म्हणतंय."

अंगठा आणखी आत गेला.

"हो, हो, तुम्हालाच!"

"फुमिए, पाहुण्यांना साके आण, तांदळाची दारू!" गुरुजी ओरडले.

कागदी दार सरकलं. दाबणं चालू असताना आत यायचं नाही, हा गुरुजींचाच नियम. म्हणून बाजारातून परतलेली फुमिए पाहुण्याला घेऊन दाराबाहेर कधीची बसली होती. तिच्या शेजारचा म्हातारा शांतपणे वाकला आणि आपण इनादा, असं म्हणाला. गुरुजींनी डोळे उघडले. समोर बंबवाल्याचा गणवेश पाहून त्यांचं तोंड उतरलं, पण बोलायची खोड जाईना. ते चाचरत म्हणाले, "मग... जागेचं काय?"

"ती तर मिळालीच की," इनादासान आणखी नम्रपणे वाकले. "ज्यांनी होकार दिला, त्यांच्याकडे उद्यापासून रुजू व्हा."

हिरुकावा घाईघाईने उठून बसला. एवढ्या मोठ्या माणसाचा शब्द खाली कसा पडू द्यायचा?

"गुरुजी," तो संकोचून म्हणाला, "आमच्याकडे सकाळी लवकर यावं लागतं."