पाय खोटा हाय

काशिनाथ मिस्त्रीकडे ब्रेकचं काम घेऊन गेलात की आधी पायातलं काढावं लागे. मग तुम्ही कोणीही असा. तारापूरच्या नव्या बांधकामावरचा एक बडा साहेब एकदा जीप घेऊन आला. मिस्त्रीनं जीपकडे पाहिलंसुद्धा नाही. साहेबाच्या बुटांकडे बघत म्हणाला, "साब, बूट निकालो. मोजा भी." साहेबानं बिचाऱ्यानं काढले. त्याला ड्रायव्हरच्या जागी बसवून मिस्त्री चाकापाशी आडवा झाला आणि तिथून ओरडायला लागला, "दबाओ! पकडो! छोडो!" साहेब घामाघूम. शेवटी मिस्त्री उठला, हात पुसले आणि अख्ख्या बोईसरला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "पाय खोटा हाय!"

साहेबानं आपल्या ड्रायव्हरला अर्थ विचारला. ड्रायव्हर केळव्याचा, हुशार. म्हणाला, "तुम्ही दमलात का, विचारतोय."

त्या वेळी मी पालघर स्टेशनवर भाड्याची मोटार चालवायचो. माझाही पाय खोटा. मी, फौजदार, पंजाबी ट्रकवाले, सगळ्यांचे पाय खोटे. ब्रेकच्या नळीत हवा शिरली की ब्रेक मऊ पडतो. ती हवा काढायला माणसं लागतात दोन. एकानं आत बसून पेडल दाबायचं. दुसऱ्यानं चाकापाशी छोटा स्क्रू सैल करायचा, मग हवेचे बुडबुडे तेलाबरोबर बाहेर पडतात. स्क्रू परत आवळेपर्यंत पेडल सोडायचं नाही. सोडलंत की हवा पुन्हा आत. मी हटकून सोडायचो.

"धर म्हटलं की सोडतोस, सोड म्हटलं की पेंगतोस!" मिस्त्री खालून खेकसायचा. "लग्नात अंतरपाट तरी नीट धरलावतास का रं कोणाचा?"

अस्सा राग यायचा मला! पण जाणार कुठं? मनोरच्या उतारावर जीव वाचवील असा ब्रेक फक्त हा बाबाच करायचा.

मूळचा तो मुरब्याचा. आधी मच्छीमारांच्या बोटींची इंजिनं दुरुस्त करायचा. ते सोडून रस्त्यावर का आलास, असं कोणी विचारलं की छाती काढून सांगायचा, "बोटीला ब्रेक नाय. दर्यात थांबायचं तर नांगर, न् रस्त्यावर थांबायचं तर मी."

आता खरं सांगतो. एक पाय होता खरा. त्याच्या बायकोचा, जानकीवहिनीचा.

बारा वर्षं ब्रेकवर तिचाच पाय. गॅरेजच्या मागच्या खोलीत त्यांचा संसार. मिस्त्रीनं हाक मारली की वहिनी मांडीवर सूप घेऊन ड्रायव्हरच्या जागी येऊन बसायची. वर हात तांदूळ निवडतायत, खाली अनवाणी पाय पेडलवर. बोईसरची माणसं मुद्दाम बघायला थांबायची. मिस्त्री "दाब" म्हणायच्या आत पेडल खाली गेलेलं असे. चारी चाकं होईतो तांदूळही निवडून व्हायचे. मिस्त्रीनं तिला कधी शाबास म्हटलेलं मी ऐकलं नाही. एवढंच म्हणायचा, "खरा पाय हाय."

शिमग्याच्या आदल्या दिवशी वहिनी विहिरीवर पडली. मीच माझ्या गाडीतून पालघरला डॉक्टरकडे नेलं. उजवं अंग गेलं होतं आणि वाचाही. डॉक्टर म्हणाले, "पाय रोज हलवत राहा. थोडी जरी हालचाल आली तर आशा आहे. चारसहा महिन्यांत आली नाही, तर मग कठीण." मिस्त्रीनं मान हलवली. परतीच्या वाटेवर फक्त एकदा बोलला. "पाय कामाचा हाय तिचा. काम विसरायचा नाय."

तेव्हापासून त्यानं आमचे पाय तपासायला सुरुवात केली. उघड्या पायांनी बसवायचा, चिडायचा, हाकलायचा. आम्ही सगळे चहाच्या टपरीवर त्याची नक्कल करून हसायचो. हसत होतो, हे सांगायला आज लाज वाटते.

नवरात्रात माझा ब्रेक पुन्हा मऊ पडला. दुपारी गेलो आणि सवयीनं चपला काढल्या. मिस्त्री म्हणाला, "घाल त्या. आज तू नाय."

आत गेला आणि वहिनीला उचलून घेऊन आला. तिला धुतलेलं लुगडं नेसवलं होतं, केसही विंचरले होते, भांग मात्र वाकडा. त्यानंच पाडला असणार. त्यानं तिला ड्रायव्हरच्या जागी बसवलं, पाठीशी उशी दिली आणि खाली वाकून तिचा उजवा पाय दोन्ही हातांनी उचलून पेडलवर ठेवला.

"तू बाजूला बस," मला म्हणाला. "कलंडली तर सावर."

"अहो मिस्त्री, सात महिने झाले. कशाला त्यांना..."

"गप बस. तिला काम दिलंच नाय कोणी. नुसता पाय हलवून काय हुतं?"

तो चाकापाशी आडवा झाला. "दाब!"

पाय हलला नाही. तिच्या कपाळावर घाम आला, मानेच्या शिरा ताठ झाल्या. पाऊल पेडलवर नुसतं पडून होतं.

"दाब, जानके. घाई नाय."

घाई नाय! हा माणूस, ज्यानं साहेबाला दम खाऊ दिला नव्हता! तेवढ्यात वहिनीनं डाव्या हातानं माझी बाही ओढली. माझ्याकडे पाहिलं आणि डोळ्यांनीच खाली पेडल दाखवलं. मला कळेना. तिनं पुन्हा बाही ओढली, जोरात. मग कळलं.

मी वाकलो आणि तिच्या पावलाशेजारी हात घालून पेडल दाबलं.

खाली स्क्रूला जोडलेल्या तेलाच्या बाटलीत बुडबुडे वाजले. मग चाकापासून हळूच आवाज आला, "धर." मी धरलं. "सोड." सोडलं.

चारी चाकं अशीच झाली. तो एकदाही खेकसला नाही. मला वाटलं, फसला बिचारा. आता आनंदानं नाचत येईल आणि मी त्याला काय तोंड दाखवू?

मिस्त्री उठला. बराच वेळ हात पुसत राहिला. मग वहिनीचा पाय पेडलवरून अलगद खाली घेतला, पावलाला लागलेली धूळ आपल्या सदऱ्यानं पुसली आणि माझ्याकडे न बघता म्हणाला, "पाय खोटा हाय, राऊत. पण हात बरा हाय तुजा."

वहिनीनं डोळे मिटून घेतले. तो तिला उचलून आत घेऊन गेला.

निघतो म्हणून सांगायला मी खोलीच्या दाराशी गेलो आणि तिथंच थबकलो. वहिनी खाटेवर होती. मिस्त्री जमिनीवर बसला होता. तिचं उजवं पाऊल त्यानं आपल्या छातीवर टेकवून धरलं होतं.

"दाब गो," तो म्हणत होता. "दाब. मी हाय हितं."

मी मागं फिरलो. गाडी सुरू केली नाही. ढकलत ढकलतच रस्त्यापर्यंत नेली.