वादी, प्रतिवादी आणि एक थेंब

कायद्याची पदवी तीन वर्षांत मिळते, आणि त्यातले दुसरे वर्ष विद्यार्थ्याच्या घरच्यांना भोगावे लागते, ही गोष्ट कोणत्याही माहितीपत्रकात छापलेली नसते. पहिल्या वर्षी विद्यार्थी 'कायदा म्हणजे काय' हे शिकतो, आणि ते नक्की कोणालाच ठाऊक नाही हे वर्षाअखेरीस कळल्यामुळे नम्र होतो. तिसऱ्या वर्षी तो नोकरीच्या विवंचनेत असतो, त्यामुळे दारावर आलेल्या विक्रेत्याशीही अदबीने बोलतो. मधल्या वर्षाला मात्र अपकृत्ये, करार, मालमत्ता, कुटुंब आणि पुरावा असे पाच विषय असतात, आणि या पाचांच्या बाहेर माणसाच्या आयुष्यात फारसे काही उरत नाही. (जेवण उरते, पण तेही पोटगीच्या प्रकरणात येऊन जाते.)

हा अभ्यासक्रम अतिशय विचारपूर्वक आखलेला आहे. एका पाहणीनुसार दुसऱ्या वर्षाच्या दर दहा विद्यार्थ्यांपैकी नऊ जणांच्या घरी रोज वादविवाद होतो आणि दहावा विद्यार्थी वसतिगृहात राहतो. (ही पाहणी कोणी केली असे विचारणे म्हणजे ऐकीव पुराव्याला हरकत घेणे. तो भाग दुसऱ्या सत्रात आहे.)

घड्याळे दुरुस्त करण्याचा धंदा असलेल्या आणि म्हणून सगळे ज्यांना घड्याळजी म्हणत अशा एका गृहस्थांना यातले काहीच माहीत नव्हते. त्यांची मुलगी कायदा शिकत होती याचा त्यांना एवढा अभिमान, की घड्याळ न्यायला आलेल्या गिऱ्हाइकाला ते आधी मुलीविषयी सांगत आणि मग घड्याळ अजून झाले नसल्याचे सांगत. पहिले वर्ष असे सुखात गेले. दुसरे लागले, आणि पहिल्याच आठवड्यात मुलीच्या आईने तिला भांडी घासायला सांगितली.

"आई, याला प्रस्ताव म्हणतात," मुलगी म्हणाली. "मी तो स्वीकारलेला नाही. नुसतं गप्प बसणं म्हणजे स्वीकार होत नाही."

"बरं," आई म्हणाली. "मग मीही आज जेवायला वाढण्याबद्दल गप्पच बसते."

करार कायद्याचा हा भाग त्या घरात तिथेच पूर्ण झाला. आईला पुढे कोणी प्रतिवादी केले नाही. तोट्यात जाणारा दावा ओळखता येणे हीदेखील दुसऱ्या वर्षाचीच विद्या आहे.

घड्याळजींच्या बरोबर वरच्या मजल्यावर भूमितीचे एक निवृत्त मास्तर राहत. एकटेच होते, लहानपणीच शिक्षणासाठी आलेला पुतण्या तेवढा सोबतीला. मास्तर रोज संध्याकाळी बुद्धिबळ खेळायला खाली येत. माणूस सज्जन, पण एकेका चालीला एवढा विचार करायचा, की तेवढ्यात समोरच्याने दाढी करून यावे. वेळ लावून खेळावे तर घड्याळ कुठले लावायचे? घड्याळजींच्या भिंतींवर घड्याळेच घड्याळे होती, पण ती सगळी दुरुस्तीला आलेली. त्यांच्यावर विश्वास ठेवण्यासारखी ती असती, तर आली कशाला असती?

तो प्रश्न मास्तरांच्या न्हाणीघरातल्या नळाने सोडवला होता. त्याच्या सांध्यातून पाणी झिरपे आणि घड्याळजींच्या छतातून थेंब थेंब खाली पडे. पटाशेजारी ठेवलेल्या टमरेलात तो टप्प करून पडे, पुन्हा टप्प, आणि दोन थेंबांमधले अंतर कधी चुकत नसे. घड्याळजींनी धंद्याच्या सवयीने तपासून पाहिले आणि कबूल केले की एवढे नेमके चालणारे यंत्र आपल्या हातून कधी दुरुस्त झालेले नाही. तेव्हापासून नियम ठरला, एका चालीला तीस थेंब. दोघेही मनातल्या मनात मोजत. मास्तर अधूनमधून वर बघून म्हणत, "तो सांधा एकदा दुरुस्त करून घ्यायला हवा." घड्याळजी म्हणत, "हा डाव होऊन जाऊ दे." असे कित्येक डाव झाले होते.

ज्या दिवशी महाविद्यालयात अपकृत्यांच्या तासाला 'उपद्रव' हे प्रकरण शिकवले गेले, त्या दिवशी मुलगी घरी आली आणि जन्मापासून बघत आलेल्या थेंबाकडे पहिल्यांदाच बघितल्यासारखी उभी राहिली.

"बाबा, हा उपद्रव आहे."

"कोण, मास्तर?" घड्याळजींनी दचकून विचारले. मास्तर समोरच बसले होते.

"थेंब."

"त्याचं काय एवढं? बिचारा आपलं आपलं पडतो."

पण प्रश्न थेंबाचा उरला नव्हता. त्या वर्षी प्राध्यापकांनी प्रात्यक्षिक परीक्षेसाठी प्रत्येकाला आपल्या परिसरातला एक खराखुरा वाद आणायला सांगितले होते. त्याला वीस गुण होते. ज्यांच्या परिसरात वाद नसेल त्यांनी थोडे प्रयत्न करावेत, अशी सूचनाही फलकावर लावली होती. मुलीने त्याच आठवड्यात वडिलांच्या वतीने मास्तरांना नोटीस दिली. मास्तरांचा पुतण्या तिच्याच वर्गात होता आणि त्याच्याकडेही वाद नव्हता. नोटीस हाती पडल्यावर त्याला एवढा आनंद झाला की त्याने तिला चहा पाजला.

नोटिशीत म्हटले होते, की प्रतिवादीच्या मालकीच्या थेंबाने वादीच्या छतावर, टमरेलावर आणि मनःस्वास्थ्यावर अतिक्रमण केले आहे. पुतण्याने बारा पानांचे उत्तर दिले. त्याचा सारांश असा, की एक, नळातून सुटलेला थेंब प्रतिवादीचा राहत नाही, तो गुरुत्वाकर्षणाचा होतो. दोन, तो प्रतिवादीचाच मानला, तर वादी इतकी वर्षे प्रतिवादीचे पाणी फुकट घेत आहे. आणि तीन, वादी या थेंबाचा घड्याळ म्हणून वापर करत असे, म्हणजे थेंबाला त्याची संमती होती. आणि स्वतःच्या संमतीने भिजलेल्या माणसाला भिजल्याची तक्रार करता येत नाही. या तिसऱ्या मुद्द्याला जोड म्हणून मास्तरांचे शपथपत्र लावले होते. ते खरे बोलणारे गृहस्थ असल्याने त्यांनी त्यात तीस थेंबांचा नियम जसाच्या तसा लिहून दिला होता.

नोटीस आणि उत्तर, दोन्ही ग्रंथालयातल्या एकाच टेबलावर समोरासमोर बसून लिहिली गेली. शाई संपली तर दोघे एकमेकांचे पेन घेत. म्हाताऱ्यांना मात्र दोघांनीही बजावले, की प्रकरण न्यायप्रविष्ट आहे, तेव्हा निकाल लागेपर्यंत एकमेकांशी बोलायचे नाही. मास्तर खाली येईनासे झाले. जिन्यात गाठ पडलीच तर दोघे आपापल्या चपलांकडे बघत बाजूला होत. अर्धवट राहिलेल्या डावावर घड्याळजींच्या बायकोने फडके टाकले. चाल घड्याळजींची होती. तिचे तीस थेंब केव्हाच होऊन गेले होते आणि पुढचे पडतच होते. घड्याळजींना करमेनासे झाले. ही गोष्ट कायद्याच्या कोणत्याही कलमात बसत नाही, म्हणून साध्या शब्दांत सांगितली.

परीक्षेत वादी म्हणून त्यांना साक्ष द्यावी लागणार होती, म्हणून मुलीने त्यांची तयारी करून घेतली. साक्षीदाराला 'हो', 'नाही' आणि 'आठवत नाही' एवढीच तीन उत्तरे असतात, आणि तिसरे सगळ्यांत टिकाऊ असते, हे तिने समजावले.

"मास्तरांचा पुतण्या विचारेल, तुम्ही थेंब मोजायचात का? तुम्ही म्हणायचं, आठवत नाही."

"पण आठवतंय की."

"आठवण्याचा प्रश्नच नाहीये, बाबा. प्रश्न पुराव्याचा आहे."

"आणि मोजायचो म्हटलं तर?"

"तर संमती सिद्ध होते. माझा दावा गेला आणि वीस गुणही गेले."

घड्याळजी हातातले घड्याळ उघडून बसले, पण त्यात त्यांचे लक्ष नव्हते. मोजायचो म्हणावे तर पोरीचे वर्ष जाणार. आठवत नाही म्हणावे तर चार लोकांत मास्तर खोटे ठरणार. आयुष्यभर त्यांनी एवढेच केले होते, की चुकीची वेळ दाखवणारे यंत्र उघडायचे आणि बरोबर वेळ दाखवायला लावायचे. आता पोटची मुलगी नेमके उलटे करायला सांगत होती, आणि तेही अभ्यासक्रमाला धरून.

अभिरूप न्यायालय एका वर्गात भरले. अभिरूप न्यायालय म्हणजे असे न्यायालय, ज्यात सगळे खोटे असते आणि गुण तेवढे खरे असतात. फळ्यावर मागच्या तासाचे 'मृत्युपूर्व जबानी' तसेच होते. न्यायाधीश झालेल्या प्राध्यापकांचा काळा झगा स्नेहसंमेलनाच्या सामानातून आणलेला होता. साक्षीदाराचा पिंजरा म्हणून दोन बाकांच्या मधली जागा दिली होती. समोरच्या बाकावर मास्तर बसले होते. दोन महिन्यांत ते वाळल्यासारखे दिसत होते. सवयीने त्यांनी एकदा वर बघितले, पण त्या छताला ओल नव्हती.

पुतण्या उलटतपासणीला उठला. वर्षानुवर्षे घड्याळजीकाका म्हणून ज्यांच्या हातची बिस्किटे खाल्ली, त्यांना तो म्हणाला, "वादी, आपण थेंब मोजत होता, हे खरं की खोटं?"

घड्याळजींनी मुलीकडे बघितले. मग मास्तरांकडे बघितले.

"उंट मागे," ते म्हणाले.

"काय?"

"माझी चाल राहिली होती. उंट मागे घेतला, एक घर."

मास्तरांनी डोळे मिटले, आणि त्यांचे ओठ हलू लागले. एक, दोन, तीन. न्यायाधीशांपासून शिपायापर्यंत सगळ्यांना दिसले की ते मोजत आहेत. अठ्ठावीसवर येऊन त्यांनी डोळे उघडले.

"मग तुमचा घोडा गेला," मास्तर म्हणाले.

"हरकत आहे," मुलगी म्हणाली. "हरकत आहे," पुतण्याही म्हणाला. संपूर्ण खटल्यात दोन्ही पक्षांचे एकमत झाले ते इथेच.

"घोडा गेला तर जाऊ दे," घड्याळजी म्हणाले, "वजीर मोकळा झाला. तो पुढे घेतला." मग ते न्यायाधीशांकडे वळले. "मोजायचो साहेब. तीस. मास्तर नेहमी अठ्ठावीसला चाल करायचे. त्यांनी लिहून दिलंय ते सगळं खरं आहे." आणि मुलीकडे वळून हळूच म्हणाले, "गेले का गं गुण?"

मुलगी हातातल्या कागदांच्या कडा जुळवत राहिली.

निकाल त्याच दिवशी लागला. थेंबाला वादीची संमती होती, म्हणून वादी हरला. नळ नादुरुस्त ठेवणे हा निष्काळजीपणा होता, म्हणून प्रतिवादीही हरला. दोन्ही वकिलांना वीसपैकी अठरा गुण मिळाले. (प्रत्यक्ष व्यवसायातही साधारण हेच प्रमाण असते.) उरलेले दोन 'पक्षकार आटोक्यात ठेवता आला नाही' या कारणाने कापले गेले. आणि न्यायालयाने आदेश दिला, की थेंब आठ दिवसांत बंद करावा.

आदेशाची अंमलबजावणी वकिलांनी जातीने केली. सांधा बदलला, कोरड्या छताचा पंचनामा झाला, रिकाम्या टमरेलाचा फोटो अहवालाला जोडला. त्या संध्याकाळी मास्तर खाली आले. घड्याळजींनी फडके काढले. वर्गात झालेल्या चाली पटावर मांडून झाल्या आणि मास्तर विचार करू लागले.

ते विचार करत राहिले. चहा आला आणि निवला. भिंतीवरच्या घड्याळांपैकी एकात पाच वाजले, दुसऱ्यात सव्वाआठ. घड्याळजींनी टमरेलात डोकावून बघितले. मास्तरांचे ओठ हलत होते, पण मोजायला काही नव्हते, म्हणून ते पुन्हा पुन्हा एकावर येत होते. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच दोघांना एकमेकांसमोर अवघडल्यासारखे झाले.

"आलोच," असे म्हणून मास्तर उठले. वरून लोखंडावर लोखंड घासल्याचा आवाज आला. ते जिना उतरून जागेवर बसतात न बसतात तोच छतातून एक थेंब आला आणि टमरेलात टप्प करून पडला. मग दुसरा पडला.

"जरा हळू आहे," घड्याळजी म्हणाले.

"रुळेल," मास्तर म्हणाले, आणि त्यांनी चाल केली.

मुलगी आतून बाहेर आली. तिने छताकडे बघितले, टमरेलाकडे बघितले. "बाबा, हा तर न्यायालयाचा—"

"तिसऱ्या वर्षाला काय असतं गं?" घड्याळजींनी पटावरची नजर न काढता विचारले.

"तडजोड."

"मग एक वर्ष थांब," ते म्हणाले. "माझे बारा झालेत."

ही हकीकत वाचून ज्यांना दोघा म्हाताऱ्यांसाठी नुसते बरे वाटले, त्यांच्याविषयी आमचे काही म्हणणे नाही. ज्यांच्या मनात मात्र आत्ता, या क्षणी, 'ते सगळं ठीक आहे, पण छताच्या नुकसानीला आता जबाबदार कोण?' असा प्रश्न आला, आणि उत्तरही जवळजवळ तयार आहे, त्यांनी प्रवेशासाठी धावपळ करू नये. त्यांचे दुसरे वर्ष केव्हाच सुरू झाले आहे. घरच्यांना विचारून पाहावे. ते 'आठवत नाही' म्हणतील.